आकडा आधी कोणी सांगायचा?

मुलाखत बरी चाललेली असते. कामाबद्दलचे प्रश्न संपलेले असतात, समोरच्या दोघांपैकी एकाने समाधानाने मान डोलावलेली असते. मग एचआरची व्यक्ती विचारते, ‘करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेशन काय?’ उमेदवार घरून ठरवून आणलेला आकडा सांगतो. उत्तर येते, ‘एवढं आमच्या बजेटमध्ये बसत नाही. आम्ही इतकं देऊ शकू.’ हे ‘इतकं’ अपेक्षेच्या पाऊणपट असते, कधी त्याहूनही कमी. त्यानंतरच्या काही सेकंदांत उमेदवार काय बोलतो, यावर त्याची पुढची कित्येक वर्षांची कमाई ठरते. आणि या सेकंदांची तयारी आपल्याकडे जवळजवळ कोणीच करून घेत नाही, घरात नाही की कॉलेजात नाही.

जो सल्ला मिळतो तो साधारण सारखाच असतो. शांत राहा, हसतमुख राहा, स्वतःची किंमत ओळखा, आत्मविश्वासाने बोला. यात चुकीचे काही नाही. पण हा सल्ला सगळा भार उमेदवाराच्या खांद्यावर टाकतो. पगार कमी मिळाला याचा अर्थ तुम्ही बोलण्यात कमी पडलात, असे तो न बोलता सुचवतो. मला हे मान्य नाही. त्या खोलीत दोन बाजू बसलेल्या असतात. एका बाजूला त्या पदासाठी किती पैसे मंजूर आहेत, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला किती मिळतात, आधीच्या उमेदवाराने किती मागितले, हे सगळे ठाऊक असते. दुसऱ्या बाजूला फक्त स्वतःचा जुना पगार आणि मित्रांकडून ऐकलेल्या चार गोष्टी असतात. असे असताना आकडा आधी कोणी सांगायचा? ज्याला ठाऊक आहे त्याने. काम ज्याचे आहे आणि पैसे ज्याने ठेवले आहेत, त्याने. कमी पगाराच्या प्रस्तावाला कसे तोंड द्यायचे याचे माझ्या दृष्टीने सगळे शहाणपण या एका मुद्द्यापाशी येते: बोलणे ‘तुम्हाला आत्ता किती मिळतात’ यावरून काढून ‘या कामाला तुम्ही किती ठेवलेत’ यावर न्यायचे.

आधी हा कमी आकडा येतो कुठून ते पाहू. बहुतेक वेळा तो कामाच्या मोजमापातून आलेलाच नसतो. तो येतो मागच्या पगारातून. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे: शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिपा, कधी बँकेचे स्टेटमेंट, आणि त्या पगारावर वीस किंवा तीस टक्के ‘हाइक’. जाहिरातीतले पद एक, जबाबदारी एक, पण त्या पदावर येणाऱ्या दोन माणसांना मिळणारे पैसे त्यांच्या मागच्या मालकाने ठरवलेले. ज्याची सुरुवातच लहान गावातल्या लहान कंपनीत झाली, ज्याने मंदीच्या वर्षात मिळेल ते घेतले, जिने मुलांसाठी दोन वर्षे घरी राहून परत येताना हाती आले ते धरले, त्यांचा तो जुना तोटा प्रत्येक नव्या नोकरीत त्यांच्यासोबत जातो. आणि तो तसाच राहत नाही, वाढतो. एकाची सुरुवात महिना ३०,००० वर आणि दुसऱ्याची ३६,००० वर झाली, दोघांनाही दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर १० वर्षांनी एकाला सुमारे ६४,८०० आणि दुसऱ्याला सुमारे ७७,७०० मिळतील. ६,००० चा फरक जवळपास १३,००० वर गेलेला असतो, आणि दरम्यान दोघांच्या कामात कोणताही फरक पडलेला नसतो.

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला, आणि तो खटला आपल्याकडच्या प्रत्येक एचआर विभागाने वाचावा असा आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात एलीन रिझो या गणिताच्या सल्लागार म्हणून २००९ मध्ये रुजू झाल्या. त्या कार्यालयाचा नियम सरळ होता: आधीचा पगार घ्या, त्यात ५ टक्के मिळवा, आणि जो आकडा येईल त्यानुसार वेतनश्रेणीतली पायरी द्या. २०१२ मध्ये सहकाऱ्यांसोबत जेवताना त्यांना कळले, की त्याच कामावर नुकत्याच आलेल्या एका पुरुषाला त्यांच्यापेक्षा वरची पायरी मिळाली आहे. कार्यालयाचे म्हणणे होते, आम्ही स्त्री-पुरुष भेद केलाच नाही, फक्त आधीचा पगार पाहिला. नाइन्थ सर्किट अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने २०१८ मध्ये आणि तांत्रिक कारणाने पुन्हा सुनावणी होऊन २०२० मध्ये हे म्हणणे फेटाळले. १९६३ च्या समान वेतन कायद्याखाली मागचा पगार हे वेतनातल्या तफावतीचे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. कारण जुन्या पगारातच जुना अन्याय मुरलेला असेल, तर त्यावर टक्के चढवून अन्याय नवा होतो. फ्रेस्नोचे ५ टक्के आणि हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांचे ३० टक्के, सूत्र एकच आहे.

याच काळात अमेरिकेत आणि युरोपात बरेच बदलले. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा करून मुलाखतीच्या टप्प्यावर मागचा पगार विचारायला बंदी घातली, ती २०१८ मध्ये लागू झाली. न्यूयॉर्क शहर आणि कॅलिफोर्निया यांनीही त्याच सुमारास तसेच केले. कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन-पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना ७ जून २०२६ ही मुदत दिली. त्यात दोन्ही गोष्टी आहेत: उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा आधी कळवायची, आणि त्याचा जुना पगार विचारायचा नाही. आपल्याकडे समान कामाला समान वेतनाचे तत्त्व १९७६ च्या समान मोबदला कायद्यात आले, आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण मागचा पगार विचारू नका असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे उमेदवाराला जे करायचे ते स्वतःच्या बळावर करावे लागते.

काय करता येईल? पहिली गोष्ट, कमी आकडा ऐकल्यावर लगेच ‘हो’ही म्हणायचे नाही आणि ‘नाही’ही. दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा घाबरून येतात. ‘हो’ येते ते हातचे जाईल या भीतीने, ‘नाही’ येते ते अपमान वाटल्यामुळे. आणि इथे अपमान मानण्याचे कारण नसते, कारण तो आकडा तुमच्याविषयी काही सांगतच नाही. तो त्या कंपनीच्या बजेटविषयी, तिच्या सवयीविषयी आणि तुमच्या जुन्या मालकाविषयी सांगतो. म्हणून त्या क्षणी विचारायचा प्रश्न असा: ‘या पदासाठी तुम्ही कोणती रेंज ठरवली आहे?’ आणि त्याच्या मागोमाग: ‘हा आकडा रेंजमध्ये कुठे बसतो, आणि तिथेच का?’ प्रश्न आदराने विचारता येतो, मराठीतही विचारता येतो. ‘सर, माझा आत्ताचा पगार वेगळ्या कामाचा आहे. या कामाची तुमची रेंज कळली तर मला नेमकं बोलता येईल’ या वाक्यात उद्धटपणा कुठेही नाही. पुष्कळदा उत्तर मिळते, ‘ते आम्ही सांगत नाही.’ तेही एक उत्तरच आहे. ज्या कंपनीत पदाची रेंज उमेदवाराला सांगता येत नाही, तिथे पुढे वाढ कशी ठरते तेही सांगितले जाणार नाही, हे तेव्हाच समजून घ्यावे.

जुना पगार लपवायला किंवा फुगवायला मात्र मी कोणालाही सांगणार नाही. पे स्लिप बदलून देणे ही फसवणूक आहे, आणि ती पार्श्वभूमी तपासणीत उघडी पडते, कधी रुजू झाल्यानंतर सहा महिन्यांनी, जेव्हा जुनी नोकरी गेलेली असते. खरा आकडा सांगावा आणि त्याच दमात म्हणावे, की मी तो आधार मानत नाही.

दुसरी गोष्ट आकड्याच्या पोटात काय आहे ती. अनेक उमेदवारांना आपला पगार अपेक्षेपेक्षा कमी आहे हे मुलाखतीत कळतच नाही. ते पहिल्या महिन्याच्या शेवटी बँकेचा मेसेज आल्यावर कळते. ६ लाखांचे पॅकेज म्हटले की घरात सगळे बाराने भागतात आणि ५०,००० धरून चालतात. आता एक साधारण प्रस्ताव सोडवून पाहू. ६ लाखांतले १० टक्के, म्हणजे ६०,०००, व्हेरिएबल. ते वर्षाच्या शेवटी, कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून. मूळ वेतन पॅकेजच्या निम्मे, ३ लाख. त्यावर मालकाचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी (पीएफ), ३६,०००, हाही पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, १४,४३०. विम्याचा हप्ता समजा ९,५७०. हे तीन मिळून आणखी ६०,००० झाले. उरले ४,८०,०००, म्हणजे महिना ४०,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला, की हातात ३६,८००. आयकर इतक्या उत्पन्नावर सध्याच्या नव्या करप्रणालीत लागत नाही, म्हणून त्याचा हिशेबच नाही.

यातला पीएफ तुमचाच आहे, तो वाया जात नाही. ग्रॅच्युइटीचे मात्र वेगळे आहे. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. जो मुलगा दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणार आहे, आणि पुष्कळ जण तशी बदलतात, त्याच्या पॅकेजमध्ये ती दर वर्षी मोजली जाते आणि त्याच्या हाती कधीच पडत नाही. म्हणून कमी आकड्यावर बोलताना एकूण पॅकेज दहा हजारांनी वाढवून मागण्यापेक्षा व्हेरिएबलचा भाग फिक्स्डमध्ये आणून मागणे कितीतरी पटींनी मोलाचे असते. वरच्या उदाहरणात व्हेरिएबलचे निम्मे जरी फिक्स्डमध्ये आले, तरी पॅकेजचा आकडा एक रुपयाने न हलता महिन्याला अडीच हजारांच्या आसपास रक्कम हक्काची होते. मालकाला ते मान्य करणे सोपेही जाते, कारण त्याच्या तक्त्यातला ६ लाखांचा रकाना तसाच राहतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपलीकडे गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ज्या कंपन्या मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून भत्त्यांनी पगार फुगवत, तिथे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा आधार यामुळे वाढू शकतो, आणि हातात येणारी रक्कम त्यानुसार खाली येऊ शकते. मालक पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापणार की १५,००० च्या कायदेशीर मर्यादेवर, याने महिन्याला हजार-दोन हजारांचा फरक पडतो. हे विचारायला लाजू नये. ‘ब्रेकअप मेलवर पाठवाल का? पाहून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो’ एवढे वाक्य पुरते. त्यातून वेळही मिळतो आणि कागदही.

वेळेबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. ॲडम स्मिथने १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये मजुरीच्या वाटाघाटीबद्दल जे मांडले ते आजही तसेच आहे: मालक जास्त काळ थांबू शकतो, मजूर थांबू शकत नाही, आणि म्हणून मालकाचे चालते. घरभाडे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळे कॅलेंडरला बांधलेले असते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपल्याकडे काही उगीच रुळली नाही. पण एक काळ असा येतो, की थांबणे मालकालाही जड जाते. तीन-चार फेऱ्या होऊन, दोन वरिष्ठांचे तास खर्च होऊन तुमचे नाव ठरलेले असते, आणि पत्रावर अजून सही व्हायची असते. पुन्हा जाहिरात, पुन्हा फेऱ्या, पुढच्या माणसाचा ९० दिवसांचा नोटीस पिरियड, हे सगळे मालकाला नको असते. उमेदवाराच्या हाती जी काही ताकद असते ती एवढ्याच काळात असते. म्हणून पहिल्या फोनवरच आकड्यावर हुज्जत घालण्यापेक्षा निवड होईपर्यंत तो विषय ‘रेंज कळली की बोलू’ इथे ठेवावा, आणि निवड झाल्यावर ठामपणे उघडावा. ‘आत्ताच सांगा, नाहीतर पुढच्याला देतो’ असे कोणी म्हटलेच, तर ते बहुधा निवड पक्की झाल्याचेच लक्षण असते.

बोलताना आपली गरज पुढे करू नये, असे मला फार वाटते. ‘घरचा खर्च आहे’, ‘ईएमआय आहे’, ‘बहिणीचं लग्न काढलंय’ ही कारणे खरी असतात, आणि ती सांगताना माणूस केविलवाणा होतो. शिवाय त्यांचा उलटा उपयोग होतो: गरज जितकी मोठी, तितका हा माणूस कमीत येईल, असा हिशेब समोर मांडला जातो. अविवाहित मुलाला ‘तुला एवढे कशाला लागतात’ आणि लग्न झालेल्या मुलीला ‘मिस्टरही कमावतात ना’ असे विचारणारे लोक आजही खुर्चीत बसलेले आहेत. गरजेचा हिशेब घरी करावा. पुण्यात राहायचे तर भाडे, डबा, जाणे-येणे, घरी पाठवायचे पैसे आणि थोडी शिल्लक मिळून किती लागतात, हे कागदावर मांडून एक खालची रेष ठरवावी, आणि ती कोणालाही सांगू नये. खोलीत बोलायचे ते कामाबद्दल: मी काय करू शकतो, ते शिकायला किती वेळ लागतो, बाजारात त्याला काय मिळते.

इथे धीटपणाचा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हेही मान्य करायला हवे. लिंडा बॅबकॉक आणि सारा लाशेव्हर यांचे ‘विमेन डोन्ट आस्क’ हे पुस्तक २००३ मध्ये आले आणि बायका मागतच नाहीत, हे सूत्र जगभर रूढ झाले. पण त्याच बॅबकॉक यांनी हॅना राइली बोल्स आणि लेइ लाय यांच्यासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दुसरी बाजू दिसली: पगार वाढवून मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करायची इच्छा मूल्यमापन करणाऱ्यांमध्ये कमी होते, आणि हा दंड पुरुषाच्या तुलनेत तिला जास्त बसतो. म्हणजे न मागण्यात भित्रेपणा असेलच असे नाही. न मागणे हा कधी कधी अचूक अंदाज असतो. आपल्याकडच्या मराठी घरांत मुलींना जे वळण लावले जाते ते पाहता ही गोष्ट परकी वाटू नये. मग अशा मुलीला ‘अजून ठाम राहा’ म्हणून सांगणे पुरेसे होते का? मागण्याची किंमत जिथे मोजावी लागते, तिथे मागण्याची गरजच कमी करणारी व्यवस्था हवी. रेंज जाहिरातीत छापलेली असेल, तर तिला ‘जास्त मागणारी’ व्हावे लागत नाही. तिला फक्त विचारायचे असते, की छापलेल्या रेंजमध्ये मला इथे का ठेवले.

आणि अशी व्यवस्था आपल्याला अनोळखी नाही. राज्यसेवा किंवा संयुक्त परीक्षेची जाहिरात उघडा, तलाठी भरतीची उघडा. वेतनश्रेणी पहिल्याच पानांवर असते. तलाठ्याला एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. राज्य कर निरीक्षकाला एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८००, अधिक महागाई भत्ता आणि इतर भत्ते. बीडचा मुलगा असो की दापोलीची मुलगी, आधी कुठे किती मिळत होते याला तिथे जागाच नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलांबद्दल आपण सुरक्षित नोकरीचा मोह, सरकारी रुबाब वगैरे बोलतो. त्या आकर्षणात एक वाटा या उघड्या आकड्याचाही आहे, असे मला मनापासून वाटते. ती स्पर्धा अतिशय कठोर आहे, पण निदान कशासाठी धावतोय ते धावणाऱ्याला ठाऊक असते. खासगी क्षेत्रात चार फेऱ्या पार केल्यावर, रजा टाकून तीनदा जाऊन आल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत कळते की पैसे अपेक्षेच्या पाऊणपटच होते. तो आकडा पहिल्या दिवशी कळला असता, तर दोन्ही बाजूंचे दिवस वाचले असते.

शेतमालाच्या बाजारात एके काळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव ऐकू यायचा नाही. बाजार समित्यांच्या नियमांनी व्यवहार उघड लिलावाकडे नेला, तेव्हा शेतकऱ्याचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण निदान भाव त्याच्या कानावर पडू लागला. नोकरीच्या बाजारात रुमाल अजून तसाच आहे.

आकडा उघड करण्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पगार उघड केले की ते सरसकट वाढतात, असे नाही. झोई कलन आणि बॉबी पाकझाद-हर्सन यांनी अमेरिकेतल्या राज्यांच्या, सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याच्या हक्काला संरक्षण देणाऱ्या कायद्यांचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की खासगी क्षेत्रातले पगार त्यानंतर सरासरी सुमारे २ टक्क्यांनी घसरले. कारण समजण्यासारखे आहे: एकाला वाढवले तर सगळ्यांना वाढवावे लागेल, म्हणून मालक कोणालाच सहज वाढवत नाही. पण कलन यांच्याच पुढच्या मांडणीत एक महत्त्वाचा भेद आहे. एकाच कंपनीच्या आत एकमेकांचे पगार कळणे वेगळे, आणि निरनिराळ्या कंपन्या त्याच कामाला किती देतात हे बाहेरच्याला कळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मालकांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागते आणि पगार वर जाण्याकडे कल असतो. जाहिरातीत छापलेली रेंज या दुसऱ्या प्रकारची आहे. माझा आग्रह तिच्याचसाठी आहे. प्रत्येकाने शेजाऱ्याचा पगार वाचावा असे मी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप लहान मालकांचा. भोसरीत पंधरा कामगारांचे युनिट चालवणारा, एखादे छोटे प्रकाशन, आदिवासी पाड्यावर काम करणारी संस्था यांच्याकडे खरोखरच पैसे नसतात. त्यांनी आकडा छापला तर कोण येईल? माझा अनुभव आणि विचार दोन्ही सांगतात, की अशांनी तर सर्वांत आधी सांगावा. ‘आमच्याकडे २२,००० आहेत, त्यापेक्षा जास्त देता येणार नाहीत, पण सीएनसी पूर्ण शिकाल आणि शनिवारी अर्धा दिवस असेल’ हे पहिल्याच फोनवर सांगणाऱ्या मालकाकडे येणारा माणूस फसवला गेल्याच्या भावनेने येत नाही. कमी पगार सहन होतो. शेवटच्या क्षणी उघड झालेला कमी पगार मनात राहतो, आणि तो माणूस पहिल्या दिवसापासून दुसरीकडे अर्ज टाकत राहतो.

म्हणूनच कमी पगार कधीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. पहिली नोकरी असेल, क्षेत्र बदलायचे असेल, आजारपणानंतर किंवा मुलांच्या संगोपनानंतर पुन्हा उभे राहायचे असेल, गावातच राहून म्हाताऱ्या आईवडिलांकडे पाहायचे असेल, तर कमी आकड्याला डोळे उघडे ठेवून ‘हो’ म्हणण्यात कमीपणा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आयटी कंपनी कॉग्निझंटच्या वर्षाला २.५२ लाखांच्या भरतीवरून समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ झाला. हा आकडा इंजिनिअरांसाठी नसून तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. महिना २१,००० वर पुण्या-बंगळुरात राहणे किती अवघड आहे हे कोणीही सांगेल. तरीही परभणीच्या एखाद्या बीएस्सी झालेल्या मुलीसाठी, जिच्यासमोर दुसरा पर्याय १०,००० च्या शिकवण्यांचा आहे, तो दरवाजा असू शकतो. तिला लाज वाटावी असे त्यात काही नाही. लाज वाटायची तर ती आयटी क्षेत्राला वाटावी, जिथे २०१० च्या सुमारास नव्या इंजिनिअरला वर्षाला ३ लाखांच्या पुढे मिळत आणि आज दीड दशकानंतर तशाच पदावर साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. दरम्यान भाडे, डबा आणि कॉलेजची फी कुठून कुठे गेली, हे त्या मुलांच्या पालकांना विचारावे.

पण कमीत ‘हो’ म्हणायचे तर बदल्यात काहीतरी लिहून घ्यावे. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल, हे तोंडी कबूल करणारा मॅनेजर सहा महिन्यांनी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. ते ऑफर लेटरमध्ये यावे, तारखेसह यावे. नव्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, तेव्हा कागद मागणे हा आता आगाऊपणा राहिलेला नाही. पदनाम, कामाचे ठिकाण, आठवड्यातून किती दिवस घरून काम, शिक्षणासाठी रजा, नोटीस पिरियड ९० ऐवजी ६० दिवस, यांपैकी एखादी गोष्ट मालक पैशांपेक्षा सहज देऊ शकतो. पगार कमी आणि वर दोन वर्षांचा बाँड, असा प्रस्ताव असेल तर मात्र फार सावध राहावे. कमी पगाराची भरपाई एकच असते, ती म्हणजे चांगले मिळाले की निघून जाण्याची मोकळीक, आणि बाँड नेमकी तीच काढून घेतो.

आणि ‘नाही’ म्हणायचे तर दोन वाक्यांत, आभार मानून आणि आकडा सांगून म्हणावे: ‘आपल्या कंपनीत काम करायला आवडलं असतं. या जबाबदारीला इतक्या फिक्स्डच्या खाली येणं मला शक्य नाही. पुढे तशी संधी निघाली तर जरूर कळवा.’ कारण आकडा सांगून नकार दिला, की तो त्यांच्या नोंदीत जातो. सलग चार चांगले उमेदवार त्याच आकड्यावर परत गेले, तर बजेट ठरवणाऱ्याला वर जाऊन काहीतरी सांगावे लागते. गुपचूप फोन न उचलणाऱ्यांमुळे हे होत नाही.

यापुढचे काम उमेदवाराचे नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक इंजिनिअरिंग आणि अनेक वाणिज्य महाविद्यालयांत प्लेसमेंट सेल असतो. तो दर वर्षी सर्वांत मोठ्या पॅकेजचा फ्लेक्स प्रवेशद्वारावर लावतो. त्या सेलकडे मागच्या बॅचमध्ये नोकरी लागलेल्या मुलांची ऑफर लेटर्स असतात. नावे झाकून, कंपनी, पद, फिक्स्ड, व्हेरिएबल, बाँड आणि पहिल्या महिन्यात खरोखर हातात आलेली रक्कम एवढे सहा रकाने त्याने पुढच्या बॅचला वाचायला दिले, आणि पगाराच्या क्रमात मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला किती मिळाले तो आकडा फ्लेक्सवर सर्वांत मोठ्या पॅकेजच्या शेजारी छापला, तर पुढच्या वर्षी त्याच खोलीत बसणाऱ्या मुलीला समोरच्या टेबलाइतकीच माहिती असेल. यासाठी विधानसभेत विधेयक यायची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्यांची एक सही पुरते, आणि ती येत्या जूनमध्येही होऊ शकते.